धोंड्याचं वाण

तांदूळ भिजत घातले त्या दिवशीच कुणीतरी मंगलाच्या हातातलं पातेलं हिसकावून मोरीत ओतायला हवं होतं. पण ओतणार कोण? घरात कुणाला पत्ताच नव्हता. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. हुबळीच्या दाजीबान पेठेतली ही बाई पहाटे लेक कामावर गेली की गुपचूप ते पाणी बदलत होती. अनारसे कुणासाठी? जावयासाठी. कुठल्या जावयासाठी? ज्याने तिच्या लेकीचा जबडा पान्याने फोडला, त्याच्यासाठी! ऐकणाऱ्याचं डोकं फिरेल, सांगणाऱ्याचंही फिरतं. पण झालं ते असं झालं.

आधी त्या जबड्याचं सांगायला हवं. रूपाली ही मंगला आणि श्रीकांतची एकुलती एक. तिचा नवरा स्वप्नील, गोकुळ रोडला लेथ मशीनचं वर्कशॉप. दिसायला देखणा, बोलायला गोड. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोवर त्याने तिला पहिली थप्पड मारली, कारण आमटीत मीठ कमी. दुसरी मारली, कारण पहिलीचं तिने आईला फोनवर सांगितलं. पुढे त्याला कारण लागेनासं झालं. केस धरून भिंतीवर आपटणं, पोटात लाथा, बाथरूममध्ये कोंडून वरून बादलीने मारणं. दोन वर्षं रूपाली भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ड्रेस घालून माहेरी यायची आणि मंगला म्हणायची, "उकडत नाही का गं?" एवढंच म्हणायची. बाही वर करून बघायची हिंमत तिला झाली नाही. एका रविवारी त्याने बारा इंची पाना उचलला आणि रूपालीच्या तोंडावर हाणला. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात गेले. सहा आठवडे पोरीचं तोंड तारांनी आवळलेलं. मंगला नळीने पेज पाजायची आणि त्याला शिव्या घालायची. मुडद्या, तुझे हात झडोत, असं रोज.

सरकारी कचेरीतल्या संरक्षण अधिकारी हेमावती मॅडम दवाखान्यात आल्या. बाई मोठी खमकी. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज त्यांनीच लिहून घेतला आणि कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळवून दिला. पेठेत त्याला सगळे ऑर्डरच म्हणायचे. ऑर्डर कानडीत होती. मंगला कानडी फाडफाड बोलायची, पण तिला वाचता येत नव्हतं, म्हणून रूपालीने ती वाचून दाखवली. रूपाली राहते त्या घरात, म्हणजे आता माहेरी, त्याने पाऊल टाकायचं नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही, कुणाच्या हाती निरोप नाही. मोडली तर पोलीस वॉरंटशिवाय उचलणार आणि वर्षभर आत.

त्याने ती एकदा मोडून पाहिलीच. रूपाली धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात वायरिंगच्या कामाला लागली होती. हा सलग चार दिवस तिथल्या गेटसमोर मोटारसायकल लावून बसला. मारलं नाही, बोलला नाही, नुसता बघत बसला. पाचव्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. कोर्टात त्याने हात जोडले, लेखी माफी लिहून दिली. न्यायाधीशबाईंनी सांगितलं की पुढच्या वेळी माफी नाही. त्यानंतर तीन महिने तो फिरकला नाही. म्हणजे त्या कागदाने त्याला खरोखर धरून ठेवलं होतं हो! रूपाली डाव्या बाजूने का होईना, भाकरी चावायला लागली. संध्याकाळी एकटी भाजी आणायला जाऊ लागली.

आणि मग अधिक महिना लागला.

तीन वर्षांतून एकदा येणारा धोंड्याचा महिना. जावई म्हणजे नारायण. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहेतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन ताटात घालून वाण द्यायचं. या महिन्यात कुणाचा जावई आला, कुणाचा नाही, याची पेठेत घरोघर चर्चा. एरवीही जावई म्हणजे दहावा ग्रह. या महिन्यात तर तो थेट देव होऊन बसतो. लग्नानंतरचा रूपालीचा हा पहिलाच धोंडा.

स्वप्नीलच्या आईचा, मालतीबाईचा फोन आला. "विहीणबाई, पोरगा पार बदललाय हो. उपास करतो. म्हणतो, मामींनी एकदा वाण दिलं तर माझं पाप फिटेल." आणि मग मालतीबाई रडली. झालं! मंगलाला कुणी रडलेलं सोसायचंच नाही. समोरचा रडला की हिच्या पोटात काही म्हणून राहत नाही, सगळं बोलून टाकते. तिने हिशेब असा केला, की ऑर्डर आहे ती नवरा-बायकोत. सासू-जावयात कुठे ऑर्डर आहे? रूपाली पहिल्या पाळीला असताना त्याला बोलवायचं. बाराला जेवेल, दीडला जाईल. तिला कळणारही नाही. नारायणाच्या कृपेने त्याची बुद्धी सुधारली तर लेकीचाच संसार उभा राहील.

आदल्या दिवशी तिने श्रीकांतला सांगितलं. दुर्गदबैलच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा साठीचा साधा माणूस. तो ताडकन उठला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मग तासाभराने तोच म्हणाला, "पाय धुऊन घेतल्यावर माणूस थोडा तरी लाजेल." म्हणजे हाही तसलाच. दोघांनी मिळून दार उघडायचं ठरवलं.

बुधवारी बाराच्या ठोक्याला स्वप्नील आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. वाकून नमस्कार केला. शेजारची लीलाअक्का कट्ट्यावर मिरच्या निवडत होती, तिने पाहिलं आणि कानडीत विचारलं, "जावई आला का गं मंगलक्का?" मंगला अभिमानाने हो म्हणाली.

त्याला पाटावर बसवलं. श्रीकांतचे गुडघे वाकत नव्हते, तरी तो खाली बसला आणि परातीत जावयाचे पाय घेऊन धुऊ लागला. मंगला वरून पाणी घालत होती. स्वप्नीलने खिशातून मोबाईल काढला, हात लांब करून फोटो घेतला, हसला. "आईला पाठवतो, मामी. तिला बरं वाटेल." मंगलालाही बरं वाटलं.

तो पोटभर जेवला. धोंड्यावर तूप मागून घेतलं. हात धुतल्यावर मंगलाने वाणाचं ताट पुढे केलं, तर त्याने घेतलंच नाही. "वाण जोडीने घ्यायचं असतं ना? रूपाली कुठाय?"

"ती ड्यूटीवर आहे. बसने येईस्तोवर सव्वातीन वाजतात."

बोलून गेली! विचारलं त्याने कुठे आहे, हिने वेळही सांगून टाकली. स्वप्नीलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग थांबतो," तो म्हणाला.

तेव्हा कुठे आपण काय बोललो ते मंगलाला कळलं. भांडी उचलायच्या निमित्ताने ती आत गेली आणि लेकीला फोन लावायला लागली. पहिली रिंग वाजतेय तोच तो मागे येऊन उभा. त्याने मोबाईल तिच्या कानापासून काढून घेतला आणि पाण्याच्या घागरीत सोडून दिला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन पुढच्या दाराला आतून कडी घातली.

"स्वप्नीलराव, आता तुम्ही निघा," श्रीकांत म्हणाला.

स्वप्नीलने त्याच्या छातीत लाथ घातली. श्रीकांत परातीवर पडला, परात उलटली, पाय धुतलेलं पाणी घरभर झालं. उठू बघतोय तर दुसरी लाथ बरगडीत, तिसरी तोंडावर. मंगला धावली, तर तिचा अंबाडा धरून त्याने तिला भिंतीवर आपटलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाळातून रक्त भुवईवर आलं.

"तीन महिने!" तो म्हणाला. आता गोडवा कुठल्या कुठे. "तीन महिने मला गल्लीतलं कुत्रं करून ठेवलं तुमच्या पोरीने. पोलीस वर्कशॉपमध्ये येतात, गिऱ्हाइकं बघतात. कोर्टात हात जोडायला लावले मला. उजवा जबडा मोडला तर एवढा माज? आज डावा मोडतो."

त्याने पाट ओढून दारासमोर मांडला आणि त्यावर बसून राहिला. घड्याळात दीड वाजत होता.

पावणेदोन तास. श्रीकांत कण्हला की तो बसल्या जागेवरून त्याला लाथ मारायचा. मंगला एकदा खिडकीकडे सरकली आणि "लीलाअक्का!" म्हणून ओरडली, तर त्याने तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि ताटातला अनारसा तिच्या तोंडात कोंबला. "खा मामी. तेहेतीस आहेत." दुसरा कोंबला, तिसरा कोंबला. गूळ-तांदळाचा लगदा घशात गेला, तिचा श्वास कोंडला, नाकातून खसखस बाहेर आली. बाहेरून लीलाअक्काने विचारलं, "एन गद्दल री मंगलक्का?" काय गोंधळ चाललाय म्हणून. स्वप्नील हसत ओरडला, "काही नाही अक्का, मामी आग्रह करतायत!" लीलाअक्काही हसली. जावयाचा दिवस, घरात हसणं-ओरडणं व्हायचंच, असं तिला वाटलं असणार.

मंगला पडल्या पडल्या घड्याळाकडे बघत होती. तिला आता एकच गोष्ट हवी होती. बस पंक्चर व्हावी. पाळी वाढावी. पोरगी आज कलघटगीला मैत्रिणीकडे जावी. कुठेही जावी, घरी येऊ नये. ज्या नारायणासाठी तिने तीन दिवस तांदूळ धुतले, त्याला ती आता म्हणत होती की बाबा, माझा जीव घे, पण तिला अडव.

सव्वातीनला कट्ट्याच्या पायरीवर पावलं वाजली. स्वप्नील उठून दाराआड उभा राहिला. बोट ओठांवर ठेवून त्याने मंगलाकडे पाहिलं.

मंगलाने तोंडातला लगदा थुंकला आणि उभ्या जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली. "रूपा, येऊ नको! तो आहे! पळ!"

स्वप्नीलची लाथ तिच्या तोंडावर बसली. पण बाहेर पावलं थांबली होती. दाराशी काढलेल्या त्याच्या चपला रूपालीने बघितल्या असाव्यात. मग तिचा आवाज आला. ती पळाली नव्हती. पोलिसांना फोन लावून, मोडलेल्या जबड्यातून एकेक शब्द नीट काढत ती कानडीत सांगत होती, की दाजीबान पेठ, भांडेवाल्या श्रीकांतचं घर, माझ्या नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा आदेश आहे, नंबर लिहून घ्या. नंबर तिला तोंडपाठ होता. आत आई-अप्पांना मारतोय, लवकर या.

ते ऐकून स्वप्नीलने कडी काढली आणि दार खाडकन उघडलं. रूपालीची वेणी त्याच्या हाती लागली. त्याने तिला आत ओढायला सुरुवात केली, तेव्हा तिने उजव्या हाताने चौकट घट्ट धरली. आत गेलं की संपलं, हे तिला दोन वर्षांच्या मारातून कळलेलं. त्याने तोंडावर बुक्की मारली, तिने चौकट सोडली नाही. पोटात गुडघा मारला, सोडली नाही. मग त्याने ते जुनं जड सागवानी दार धरलं आणि तिच्या बोटांवर आपटलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मंगलाला तिथवर ऐकू आला.

मंगला सरपटत गेली आणि त्याच्या पोटरीला चावली. दात मांसात रुतेपर्यंत चावली आणि सोडली नाही. तो बोंबलला, तिच्या डोक्यावर बुक्क्या घालत राहिला, ती लटकून राहिली. श्रीकांतने कुठून बळ आणलं देव जाणे, उलटी पडलेली परात उचलून जावयाच्या कानशिलात घातली. तेवढ्यात लीलाअक्का किंचाळत गल्लीभर धावली. शेजारचे चार बाप्ये आले आणि त्यांनी त्याला कट्ट्यावरून खाली खेचलं. पेठेने त्याला जे तुडवलं ते सांगत नाही. पोलीस आले तेव्हा त्याचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता.

रूपालीची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. वायरिंगचं काम गेलं. शुद्धीवर आल्यावर तिने आईला एकच विचारलं. "मी किती वाजता येते ते तू त्याला सांगितलंस?"

"हो," मंगला म्हणाली.

रूपालीने तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसापासून ती आईशी बोलली नाही. मंगला दवाखान्यात डबा घेऊन जायची, बाकावर बसायची, भरलेला डबा घेऊन परत यायची. बरोबरच होतं पोरीचं. हेमावती मॅडमनी तिची एका वसतिगृहात सोय केली.

ऑर्डर मोडल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा स्वप्नीलच्या वकिलाने तो मोबाईलवरचा फोटो पुढे केला. सासरा पाय धुतोय, सासू पाणी घालतेय, जावई हसतोय. "हा घुसखोर दिसतो का? यांनी बोलावलं म्हणून हा गेला. मुलीची मूक संमती होती, समेट झाला होता. ऑर्डर उरलीच कुठे? मारामारी मागाहून शब्दाला शब्द लागून झाली." असा त्यांचा डाव.

साक्षीच्या आदल्या दिवशी समाजातली तीन मोठी माणसं घरी आली. त्यांचं म्हणणं, मंगलावहिनी, बोलावलं होतं असं कबूल करू नका. तो बळजबरीने घुसला, धमकी देऊन पाय धुवून घेतले, असं सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आईनेच वैऱ्याला जेवायला बोलावलं हे भर कोर्टात जाहीर झालं तर तोंड दाखवायला जागा उरेल का? श्रीकांत मान खाली घालून ऐकत होता. मंगलाने सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. समोर स्वप्नील, मागे मालतीबाई डोळ्याला पदर लावून. बाजूच्या बाकावर रूपाली, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. वकिलाने विचारलं, "तुम्हीच बोलावलं होतं ना?"

"मीच बोलावलं," मंगला कानडीत म्हणाली.

"मुलीच्या संमतीने?"

"तिला माहीतच नव्हतं. तिची ड्यूटी बघून मी दिवस ठरवला. तिला कळलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. तांदूळसुद्धा मी तिच्यापासून लपवून भिजवले."

वकील गडबडला. त्याला हवा होता त्याच्या उलट जबाब आला होता. न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "म्हणजे ज्या बाईच्या रक्षणासाठी आदेश होता, तिने त्याला बोलावलं नाही?"

"नाही. चूक माझी आहे, तिची नाही. मला वाटलं, जावयाचं नातं कोर्टाला कसं कळणार. पण कोर्टाला कळलं होतं, मलाच कळलं नव्हतं. हा माणूस तीन महिने कोर्टाला घाबरून घरी बसला होता, बाई. त्याला दारात मी आणलं." तिने स्वप्नीलकडे बोट केलं. "त्याला सोडू नका."

सुनावणी संपता संपता हेमावती मॅडम उठल्या. रूपालीला दुसऱ्या गावात काम मिळतंय, ती तिकडे जाणार. नवा पत्ता विरुद्ध बाजूला कळू नये, कागदोपत्री गुप्त राहावा, असा त्यांचा अर्ज होता. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली आणि टंकलेखिकेला सांगायला लागल्या, की पत्ता प्रतिवादी आणि त्याच्या नातेवाइकांना देऊ नये.

मंगला अजून पिंजऱ्यातच उभी होती. "बाई," ती म्हणाली, "मलाही देऊ नये, असं लिहा."

कोर्टात चुळबुळ झाली. श्रीकांत उभाच राहिला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्ही तिची आई ना?"

"म्हणूनच. आज ना उद्या तो सुटून येईल. त्याची आई मला फोन करेल, रडेल, पाया पडेल. आज मी म्हणेन की नाही सांगणार. पण माझं काही खरं नाही. मी मला ओळखते, बाई. मी सांगेन."

मग टंकलेखिकेची बोटं चालू लागली आणि न्यायाधीशबाईंनी सांगितलेलं वाक्य कागदावर उतरलं, की आईवडिलांनाही नाही.

रूपाली उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आईच्या जवळ आली, डाव्या हाताने तिचा दंड धरला. "आई," ती म्हणाली, "मी..."

मंगलाने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको. काही सांगू नको मला. कधी फोन आला आणि मी विचारलं, तरी सांगू नको." तिने लेकीच्या मोडलेल्या जबड्यावरून बोटं फिरवली, तीन बोटांचा हात कपाळाला लावला, आणि तिला हेमावती मॅडमकडे ढकललं. मग ती कोर्टाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लेकीला नेणारी गाडी कुठल्या दिशेला गेली, हे तिला बघायचं नव्हतं.